जपानची रंगीत तालीम

मस्कतच्या अल खौद भागात रस्त्याने पायी जाणारा माणूस दिसला की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर याची गाडी बंद पडली असणार, नाहीतर याचं काहीतरी बिनसलं असणार. हा माणूस बायकोमुलीसह जपानच्या सहलीची तालीम करतो आहे, ही तिसरी शक्यता कोणाच्या डोक्यात येत नाही. सगळं होऊन गेल्यावर आता वाटतं, यात लोकांची काही चूक नव्हती. मस्कतमध्ये आम्ही समोरच्या दुकानातून कोथिंबीर आणायलाही गाडी काढतो, आणि तिथे पोचल्यावर खाली न उतरता हॉर्न वाजवून जुडी काचेतून आत घेतो.

तालमीचं मूळ तेजश्री. ती आमच्या सहलीची टूर मॅनेजर. कंपनी पुण्याची, मंडळी मराठी, रोज रात्री वरणभाताची हमी. बाकीचे सगळे मुंबईहून निघणार आणि आम्ही तिघं मस्कतहून परस्पर टोकियोला पोचून त्यांना मिळणार. अशा सुट्या लोकांना त्यांच्या भाषेत 'जॉइनिंग गेस्ट' म्हणतात. पहिल्याच फोनवर तिने मला काका म्हटलं. माझं वय काका म्हणण्याइतकं असेलही, पण तिने ते नुसत्या आवाजावरून ठरवलं याचं मला वाईट वाटलं.

"काका, जपानमध्ये हमाल नाहीत हं. आपली बॅग आपणच ओढायची. स्टेशनं मोठी असतात आणि गाडी श्वास घेण्यापुरती थांबते. मागच्या सहलीत एक काका फलाटावर राहिले आणि त्यांची बॅग क्योटोला गेली."

"मग?"

"मग काय! काकांच्या आधी बॅगेने क्योटो बघितलं."

ती हसली. मी नाही हसलो. मी परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊन आपला बाक कुठे आहे ते बघून येणाऱ्यांपैकी. त्या क्षणी मी ठरवलं की आपल्या घरातली एकही बॅग एकटी क्योटोला जाणार नाही.

आता ही तालीम उघडपणे केली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण मंगलाने, म्हणजे बायकोने, अट घातली होती की जपानचं कोणाला कळता कामा नये. वर्ष होतं २०१६. तेलाचे भाव पडलेले, कंपन्या माणसं कमी करत होत्या, आणि आमच्या मराठी परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणाचा तरी सोफा नाहीतर वॉशिंग मशीन विक्रीला येत होतं. खाली एकच ओळ: 'कायमचे परत जात आहोत.' आमचं बुकिंग आदल्या वर्षीचं, रद्द होण्यासारखं नव्हतं. मंगला म्हणाली, "लोकांच्या घरात सुतक आणि आपण पेढे वाटत हिंडायचं का? गपचूप जाऊ, गपचूप येऊ."

मलाही ते पटलं. आमच्या रेवाला तेवढं पटलं नाही. ती इंडियन स्कूलमध्ये आठवीत, मराठी जपून जपून बोलणारी. "पण बाबा, आपण एवढं स्नीकी का बिहेव करतोय? आपण काही चोरी तर नाही केली ना?"

मी म्हटलं, मोठी झालीस की कळेल. माझ्याकडे उत्तर नसलं की मी हेच म्हणतो.

गुप्ततेचा पहिला फटका ऑफिसात बसला. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात 'सुरक्षित' असायचा. तो सोडवायला कासमकडे जावं लागे. कासम हा आमचा मंदूब. मंदूब म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणारा ओमानी गृहस्थ. तुमचा व्हिसा, तुमचं लेबर कार्ड, सगळ्याच्या नाड्या त्याच्या हातात. आणि तुमची नोकरी संपली की व्हिसा रद्द करून, तुमच्या बॅगा आपल्या गाडीत घालून, तुम्हाला विमानतळावर पोचवून, तुम्ही खरोखर आत गेलात ना हे बघून मग घरी जाणाराही तोच. हे शेवटचं काम लक्षात ठेवा.

"पासपोर्ट किस लिए, दया?" कासमने विचारलं. त्याचं हिंदी माझ्यापेक्षा ऐटदार आहे.

"पर्सनल."

त्या दिवसांत ऑफिसात 'पर्सनल' म्हटलं की लोक माना खाली घालायचे. त्यात व्हिसासाठी दिलेलं माझं कंपनीचं पत्र जपानच्या वकिलातीने परत पाठवलं. मी 'ज्याच्याशी संबंध असेल त्याला' अशा मोघम मायन्याचं पत्र नेलं होतं. त्यांना ते त्यांच्याच नावाने हवं होतं. झक मारत मी कासमच्या कानात 'जपान' म्हणालो.

त्याने डोळे मोठे केले. "जापान में शुगल मिला? माशाल्ला!" शुगल म्हणजे काम.

"नहीं रे, घूमने."

"हां हां, घूमने," असं म्हणून त्याने एक डोळा मिटला. "किसी को नहीं बोलूँगा." त्याप्रमाणे त्याने कोणाला सांगितलं नाही. फक्त मॅनेजरला सांगितलं.

तर ऑफिसला वाटत होतं की मला जपानमध्ये नोकरी लागली. इकडे कॉलनीला काय वाटणार होतं, ते शुक्रवारी ठरलं.

शुक्रवार सुट्टीचा. ऊन तापायच्या आत निघायचं म्हणून मी दोघींना सकाळीच उठवलं. रिकामी बॅग ओढणं ही स्वतःची फसवणूक, म्हणून तिन्ही बॅगांत तांदळाच्या पिशव्या आणि रेवाची जुनी पाठ्यपुस्तकं भरली. जूनमध्ये जपानला पाऊस असतो असं तेजश्री म्हणाली होती, तेव्हा छत्र्याही घेतल्या, आणि एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने बॅग हा अवघड भाग आधी घोटायचा असं ठरवलं. मे महिन्यात, मस्कतमध्ये, डोक्यावर ढगाचा ठिपका नाही आणि आम्ही तिघं काळ्या छत्र्या उघडून बॅगा ओढत निघालो. रेवा मुद्दाम मागे राहून आमची ओळख नाकारत होती.

विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुटपाथ संपला आणि बाजूची वाळू सुरू झाली. मी ओरडलो, "गाडी सुटतेय! पळा!" तालीम म्हटली की जीव ओतायला नको का? मी पळालो. माझी बॅग फुटपाथाच्या कडेवर आपटली, तिचं चाक निखळून रस्त्यापलीकडे गेलं, चेन उसवली आणि बासमती वाळूत सांडला. कुठूनशा साळुंक्या आल्या. मंगला आपल्या बॅगेवर बसली आणि पदराने चेहऱ्यावरचा घाम पुसू लागली.

तेवढ्यात एक पांढरी गाडी कचकन थांबली. आतून कासम उतरला, सुट्टीच्या दिवसाचा कडक इस्त्रीचा दिशदाशा, म्हणजे पायघोळ ओमानी झगा, घालून.

"दया! क्या हुआ? गाडी किधर? घर से निकाला किसी ने?"

"नहीं, नहीं. प्रॅक्टिस."

"प्रॅक्टिस," तो अत्यंत सहानुभूतीने म्हणाला, आणि माझ्या विरोधाला न जुमानता त्याने तिन्ही बॅगा आपल्या गाडीत चढवल्या. रस्त्यावर अडलेल्या माणसाला तसंच सोडून जाणं ओमानी माणसाच्या रक्तात नाही. मी रक्ताला दोष देत नाही. मी मुहूर्ताला देतो. कारण नेमक्या त्याच वेळी रेखाताई देवळात जायला त्या रस्त्याने गेल्या.

रेखाताई आमच्या मराठी परिवाराच्या अध्यक्ष. त्यांनी काय बघितलं? कंपनीचा मंदूब बॅगा गाडीत भरतोय. बायको पदराने डोळे पुसतेय. मुलगी लांब उभी, तोंड फिरवून. नवरा वाळूत गुडघे टेकून तांदूळ गोळा करतोय. गल्फमध्ये राहिलेल्या कोणालाही विचारा, याचा अर्थ एकच. त्या थांबल्या नाहीत. अशा वेळी समोर जाऊ नये इतकी त्यांना समज आहे. त्यांनी देवळात आमच्यासाठी नारळ ठेवला आणि घरी येऊन चार जणींना फोन केले.

कासमने आम्हाला विमानतळावर न नेता आमच्याच घरी सोडलं, हे बघायला मात्र कोणी नव्हतं. दुपारी आम्ही घरातच दिसलो, तेव्हा सामान पुढे गेलं आणि माणसं मागून जाणार असं सगळ्यांनी धरलं.

दुपारपासून डबे सुरू झाले. पुरणपोळी, अळूवड्या, सोलकढी. देणारी बाई दारातच डबा ठेवी, मंगलाचा हात दाबी आणि "काही लागलं तर सांगा हं" म्हणून डोळ्यांत पाणी आणून निघून जाई. एक गृहस्थ आले, त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून बघितलं, थोडं उसळून बघितलं आणि हळूच विचारलं, "हा... ठेवणार की देणार?" तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

माझा पहिला विचार काय असावा? की लगेच गैरसमज दूर करावा? छे. मला राग आला. राग याचा की माझी नोकरी गेली हे ऐकून एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. "काय सांगता! दयानंदरावांची?" असं एक तरी माणूस म्हणेल की नाही? सगळे आपले 'हो का, बरोबर आहे' असं तोंड करून डबे आणत होते.

"आता सांगून टाका," मंगला म्हणाली.

"काय सांगू? आमची नोकरी शाबूत आहे, आम्ही जपानला चाललोय? तूच म्हणालीस ना, पेढे वाटायचे नाहीत?"

तिने एक डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. आणि खरं सांगायचं तर अळूवड्या फार सुरेख झाल्या होत्या.

संध्याकाळी नंदू आला. नंदू आमच्या वरच्या मजल्यावरचा, चिपळूणचा, एका बांधकाम कंपनीत इंजिनीयर. माझा इथला सगळ्यात जवळचा मित्र. त्याने दोन्ही हातांनी दोन मोठ्या निळ्या बॅगा ओढत आणल्या होत्या.

"तुझ्या बॅगेचं चाक गेलं म्हणे. या घे. आम्ही आलो तेव्हा आमचा सगळा संसार या दोघींत मावला होता. जाताना तुला लागतील."

मी तोंड उघडलं. त्याने हात वर केला.

"काही बोलू नकोस. मला माहीत आहे कसं वाटतं ते." त्याने मागे वळून दार लावलं. "दया, माझीही गेली. केव्हाच. प्रोजेक्टच बंद झालं. घरी विद्याला सांगितलेलं नाही. रोज टाय लावून, डबा घेऊन निघतो आणि मत्रहला बंदरावर गाडी लावून बसतो. बोटी बघतो. परवा कंटाळून रुस्ताकला गेलो, किल्ला बघून आलो. तिथला रखवालदार आता मला सलाम करतो."

तो हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा विचित्र झाला. "तुझं कळलं आणि खोटं नाही सांगत, बरं वाटलं. म्हणजे वाईटच वाटलं. पण आता बोलायला कोणीतरी आहे."

त्या क्षणी मी 'नाही, माझी नोकरी आहे' असं म्हणायला हवं होतं. चार शब्द. मी त्याच्या बॅगांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी मी खरं सांगायचं ठरवून वर गेलो. त्याने जिन्यातच गाठलं. "काल कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो बघ." आता गाढ झोपलेल्या माणसाला काय जपान सांगायचं? मी परत खाली आलो. मंगलाने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिने बघितलं की मला लाज वाटायला लागते आणि लाज वाटली की मी गोष्टी उद्यावर ढकलतो, असा आमचा संसार आहे.

मी रोज ऑफिसला जात होतो ते लोक नोटिशीचे दिवस समजत होते; उद्यावर ढकलता ढकलता पुढचा शुक्रवार आला आणि रेखाताईंनी आमच्या निरोपाचा समारंभ ठेवला. निम्मी कॉलनी त्यांच्या हॉलमध्ये गोळा झाली. मी घरून निघताना मंगलाला आणि रेवाला शपथेवर सांगितलं होतं की आज सगळ्यांसमोर खरं सांगून माफी मागणार. रेवा म्हणाली, "फायनली!"

आधी रेखाताईंचं भाषण झालं. "दयानंदराव म्हणजे साधा माणूस. कसली हौस नाही, कधी कुठे फिरायला गेले नाहीत, उधळपट्टी नाही. त्यामुळे पुढचे दिवस त्यांना तसे जड जाणार नाहीत." टाळ्या. मग शाल. मग श्रीफळ. मे महिन्यात अंगावर शाल आणि मनात चोर असला की माणूस किती घामाघूम होतो ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

मी बोलायला उभा राहिलो. थेट मुद्द्यावर यायचं होतं. पण थेट मुद्द्यावर येणं मला कधी जमलेलं नाही. मी भाजी आणायला गेलो तरी आधी हवापाण्याचं विचारतो. तेव्हा मी प्रस्तावना सुरू केली. परदेशातला मराठी माणूस, एकमेकांचा आधार, जे आहे ते लपवण्यात अर्थ नसतो, मनात ठेवलं की त्याचं ओझं होतं, आज मी तुमच्यासमोर मन मोकळं करणार आहे...

"दया, थांब!"

नंदू उभा राहिला होता. त्याचा आवाज कापत होता.

"हा माणूस सगळ्यांसमोर उभा राहून बोलतोय आणि मी महिना महिना तोंड लपवून हिंडतोय. मला याची लाज वाटते. माझीही नोकरी गेली. विद्या, मी ऑफिसला जात नाही. मी बंदरावर जाऊन बसतो."

विद्याच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. तिने तो टीपॉयवर ठेवला, अगदी नीट. म्हणाली, "हे घरी सांगता आलं नाही? मला एकटीला?" आणि आत स्वयंपाकघरात गेली. मंगला तिच्या मागे धावली.

मी शालीत तसाच उभा. आणि मग रेवाला राहवलं नाही. नंदूकाका तिचा लाडका. तिला वाटलं, आपल्या बाबाच्या खोट्यापायी काका रडतोय.

"पण नंदूकाका, बाबांचा जॉब गेला नाहीये! आम्ही... वी आर गोइंग टू जपान. ती वॉकिंग प्रॅक्टिस होती. बाबा, तू अजून सांगितलं का नाहीस?"

लाज म्हणजे काय ते मला आजवर माहीत होतं असं वाटायचं. लहानपणी भर वर्गात चड्डीची नाडी सुटली होती, त्याला मी लाज समजत होतो. रेखाताई माझ्याकडे बघत नव्हत्या, शालीकडे बघत होत्या. ती परत मागणं शोभेल की नाही याचा विचार चालला असावा. सोफ्यावर उसळून गेलेले गृहस्थ जमिनीकडे बघत होते.

नंदू माझ्याकडे बघत होता. "जपान?"

"हो."

"म्हणजे माझ्या बॅगा..."

"हो."

तो म्हणाला, "बरं झालं मोठ्या दिल्या," आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, जरा लांब, उभा राहिला. आत जायचं की नाही ते त्याला कळत नव्हतं. मी आदल्या शुक्रवारी ते चार शब्द बोललो असतो तर विद्याला हे तिच्या घरात कळलं असतं. माझ्या प्रस्तावनेमुळे ते तिला पोह्यांचा ट्रे हातात धरून, चाळीस माणसांत कळलं.

रविवारी ऑफिसात गेलो आणि थेट मॅनेजरकडे. प्रस्तावना केली नाही. मी कुठेही नोकरीला जात नाही, नुसता सहलीला जातोय, हे सांगितलं. कासम दारात उभा होता. मजनून, म्हणजे वेडा आहे, असं त्याने माझ्या बाजूने सांगितलं. मग मी नंदूचं नाव काढलं. चांगला माणूस आहे, कुठे सामावून घेता येईल का?

मॅनेजरने चष्मा काढून पुसला. "बघितलं असतं. या वर्षी आपल्याकडे एकच जागा रिकामी होणार होती."

"कोणती?"

"तुमची."

घरी आलो आणि मंगलाला म्हटलं, रद्द करू या जपान. बुडू दे. ती रडली, पण हो म्हणाली. मी वर गेलो. दार विद्याने उघडलं. ती माझ्याशी बोलली नाही, आत जाऊन नंदूला पाठवलं. मी रद्द करायचं म्हटल्यावर नंदू पहिल्यांदाच चिडला. "म्हणजे माझी नोकरी गेली ती गेलीच, वर तुझं जपानही माझ्याच डोक्यावर? एवढं ओझं नको मला. गपचूप जा."

निघायच्या दिवशी दाराची बेल वाजली. खाली गाडी लावून नंदू उभा होता. "चल, सोडतो. मला आता वेळच वेळ आहे." बॅगा त्यानेच गाडीत चढवल्या, मला हात लावू दिला नाही. विमानतळावर त्याने त्या ट्रॉलीवर ठेवल्या, एकीचं चाक बोटाने फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ही जरा डावीकडे ओढते. सांभाळून ने. तुम्ही आलात की आठवड्याभराने आम्ही निघतोय. मला याच न्यायच्यात."

मी मान हलवली.

टोकियोच्या स्टेशनवर तेजश्रीने आम्हाला रांगेत उभं केलं. गाडी आली. सगळी मंडळी खडखडत बॅगा ओढत पळाली. मी दोन्ही निळ्या बॅगा दोन हातांत उचलल्या आणि धापा टाकत निघालो.

"काका!" ती ओरडली. "अहो, चाकं आहेत ना बॅगांना!"

"आहेत," मी म्हटलं. "पण ती नंदूला लागणार आहेत."